जवाईबुवांसोबत रावसाच्या हंगामाला

आसेगाव

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला बावन्नावं वर्ष चालू होतं, आणि पाहिल्याबरोबर मी दुसरीकडे तोंड करून उलटी केली. ती उलटी घाटातल्या वळणांची होती, समुद्राशी तिचा काही संबंध नव्हता. पण आमचे जवाईबुवा आजही सगळ्यांना सांगतात की दादा पाणी पाहूनच घाबरले. त्यांना सांगू देतो. यापुढे त्यांनी माझ्याबद्दल काहीही सांगितलं तरी मी तोंड उघडणार नाही, आणि ते का, हेच या प्रवासाचं वर्णन आहे.

जवाईबुवा म्हणजे गजानन, माझ्या धाकट्या बहिणीचा, शोभाचा नवरा. त्यांची शेती शिरपूरला, माझी आसेगावला. दोन्हीकडे सोयाबीन आणि तूर. सोयाबीन घरात आलं की तूर शेतात उभी असते आणि माणसं मोकळी होतात. मग कोणी ऊस तोडायला जातं, कोणी पुण्याकडे बांधकामावर. जवाईबुवा मात्र गेल्या वर्षी एका ट्रकवाल्याच्या ओळखीनं थेट कोकणात गेले, मासेमारीच्या होडीवर खलाशी म्हणून राहिले आणि संक्रांतीला परत आले ते काळेभोर होऊन, एक पिशवी सुकी मासळी आणि ढीगभर गोष्टी घेऊन. पिशवी शोभानं गोठ्यापलीकडे टांगली. गोष्टी मात्र घरभर झाल्या. लाट केवढी असते, होडी तिच्यावर कशी चढते, काठावर तोल सांभाळून लघवी कशी करायची. ऐकणारे हसायचे आणि शोभा आत भांडी आपटायची, कारण या माणसाला पोहता येत नाही.

यंदा दिवाळी झाल्यावर तिनं मला बोलावून घेतलं. जवाईबुवांची पिशवी भरून दारात तयार होती.

"दादा, मी सांगून सांगून थकली," ती म्हणाली. "ते थांबत असतीन तं थांबव. नाई थांबले तं तू संग जाय. मले माहा माणूस धडधाकट वापस पायजे."

"मले तरी कुठी पोहता येते?"

"तुले अक्कल तं हाय ना."

मी थांबवायचा प्रयत्न केला. जवाईबुवांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साळेबुवा, तुमी कायले बसून राह्यता इथं? चाला. एकडाव पाहून तं घ्या." माझी बैलजोडी शेजाऱ्याकडे सोपवून, ज्वारीच्या पिठाची पिशवी आणि ठेच्याची बरणी घेऊन मी निघालो. माणूस सांभाळायचा, एवढं एकच काम माझ्याकडे होतं.

बंदर

बंदर रत्नागिरी जिल्ह्यातलं. नाव सांगत नाही. त्या लोकांनी आम्हाला घरच्यासारखं ठेवलं, त्यांच्या दारात कोणी चौकशीला जायला नको. आमच्या होडीचे तांडेल, म्हणजे होडी चालवणारे मुख्य, दामूअण्णा. साठीचे, बुटके, बोलायला अगदी कंजूष. त्यांचे दोन थोराड पुतणे आणि आम्ही दोघं, अशी पाच माणसं. होडी फायबरची, मागे इंजिन, पुढच्या टोकाला दोर बांधायला एक जाड लाकडी खुंट.

धरायचा होता रावस. मोठा, चंदेरी मासा, पोटाला पिवळसर झाक, गळ्याखाली मिशांसारखे लांब तंतू. शहरातल्या हॉटेलांत याला हिंदुस्थानी सॅमन म्हणून वाढतात, असं अण्णांच्या पुतण्यानं सांगितलं. रावसाला गढूळ पाणी लागतं. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला भरती-ओहोटी जोरात असते, त्याला उधाण म्हणतात. तेव्हा पाणी ढवळतं आणि रावस जाळ्यात येतो. मधल्या दिवसांत पाणी मंद असतं, तो भांग. भांगात माणसं किनाऱ्यावर बसून जाळी दुरुस्त करतात. आमच्याकडे माणूस ढगाकडे पाहून कामाला लागतो, इथं चंद्राकडे पाहून.

पहिल्या दिवशी अण्णांनी मला होडीत चढवलं आणि म्हणाले, "तुम्ही नवे. तीन गोष्टी ऐका. होडीत पाय पसरून उभं राहायचं. जाळं सुटत असताना त्यात पाय टाकायचा नाय. आणि दोरी कधी हाताला गुंडाळायची नाय. मुठीत धरायची. ओढ आली तर सोडायची. जाळं गेलं तर गेलं."

मी मान हलवली. जवाईबुवा तेवढ्यात होडीच्या काठावर चढून, एका हातानं खुंट धरून, कोणा ओळखीच्या माणसाला हाका मारत होते. माझं अर्धं लक्ष तिकडे होतं.

पहिलं उधाण

दुपारी निघायचं, किनाऱ्यावरचे डोंगर निळी रेघ होईपर्यंत आत जायचं, दिवस मावळायच्या आत जाळं सोडायचं आणि पहाटे ओढायचं. जाळं म्हणजे पाण्यात उभी राहणारी भिंत. वर तरंगणारे बोंडूर, खाली वजनं, आणि लांबी एवढी की आमच्या शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, धुरा लावून आसेगावचं अर्धं शिवार झाकेल. एवढं सगळं हातानं ओढायचं. पहिल्या पहाटे मी वीस हात ओढलं आणि होडीच्या कडेला लटकलो. पोटात होतं नव्हतं ते समुद्राला गेलं. पुतणे हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. जवाईबुवा मात्र हसून हसून खाली बसले.

दोन दिवसांनी उलट्या थांबल्या आणि मी माझं खरं काम सुरू केलं. होडीत लाइफ जॅकेटं होती, ती कोणी घालत नव्हतं. मी जवाईबुवांना ते घालायला लावलं.

"साळेबुवा, लोकं हासून राह्यले."

"हासू द्या. मले तुमच्या बायकोले तोंड दाखवाचं हाय."

ते काठावर उभे राहिले की मी ओरडायचो. ते वाकले की मी मागून त्यांचा सदरा धरायचो. रावस जाळ्यातून सोडवताना ते गाणं म्हणत अर्धे बाहेर झुकायचे, तेव्हा मी ओढणं सोडून त्यांची कंबर धरायचो. खरं सांगतो, त्या दिवसांत मी समुद्र पाहिलाच नाही. लोक विचारतात, कसा असतो? मला जवाईबुवांची पाठ पाठ आहे, समुद्राचं विचारू नका.

भांग

भांगाचे दिवस सुखाचे. अण्णांच्या घरामागे माडाखाली बसून आम्ही जाळ्याची भोकं शिवायचो. पोतं शिवायची सवय होती म्हणून मला ते लवकर जमलं, आणि अण्णांनी पहिल्यांदा मान डोलावली. त्यांच्या घरच्या वहिनी रावसाचं कालवण करायच्या, त्यात आमसूल आणि ओला नारळ. मी आयुष्यभर तळ्यातल्या मासळीलाही नाक मुरडलेलं. इथं आठव्या दिवशी दुसऱ्यांदा मागून घेतलं. पण भात, भात आणि भात. सकाळी पेज, दुपारी भात, संध्याकाळी भात. मी न राहवून एकदा चुलीपाशी बसलो आणि ज्वारीच्या भाकरी थापल्या. वहिनी पदर तोंडाला लावून बघत राहिल्या, कारण त्यांच्याकडे तांदळाची भाकरी पांढरी आणि मऊ, आणि पुरुष माणसानं थापलेली तर त्यांनी कधीच पाहिली नव्हती. ठेचा चाखून अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. "हे रोज खाता?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सकाळ-संध्याकाळ. ते बराच वेळ माझ्याकडे काळजीनं पाहत होते.

आणखी एक गंमत. समुद्राच्या पाण्यानं अंघोळ करायला गेलो, साबणाची वडी अर्धी झिजली तरी फेस येईना. मी दुकानदाराशी भांडायला निघालो होतो. जवाईबुवांनी वाटेत अडवलं नसतं तर बंदरावर आमच्या जिल्ह्याची शोभा झाली असती.

शोभाचा फोन रोज संध्याकाळी यायचा. ती जवाईबुवांशी दोन वाक्यं बोलायची आणि मग, "दादाले द्या." माझ्याकडून तिला फक्त एक ऐकायचं असायचं. मी म्हणायचो, "बरे हायेत." मग ती फोन ठेवायची.

दुसऱ्या भांगात आमचं भांडण झालं. जवाईबुवा सहज म्हणाले की यंदा संक्रांतीला परत न जाता होळीपर्यंत राहावं, अण्णा तयार आहेत. मी हातातली सुई खाली ठेवली.

"अन् तूर कोन सोंगन?"

"शोभी हाय, माय हाय. माणसं लावतीन."

"तिनं मले तुमाले आणाले पाठवलं, ठेवाले नाई."

"मी का बैल हावो, आणाले अन् बांधाले?" ते चिडून म्हणाले. "साळेबुवा, मले इथं बरं वाटते. तिकडं मी कोनाचा तरी पोरगा हावो, कोनाचा तरी नवरा हावो. इथं मी गजानन हावो. जाळं वढतो, दामूअण्णा भरोसा ठेवते."

मी सुई पुन्हा उचलली. खरं म्हणजे मी घाबरलो. समुद्र त्यांना बुडवेल, एवढीच भीती मी घरून आणली होती. तो त्यांना ठेवून घेईल, ही दुसरी भीती इथं आल्यावर चिकटली. त्यानंतर मी त्यांच्याशी कामापुरतं बोलायचो आणि त्यांच्यावरची नजर आणखी घट्ट केली.

मार्गशीर्षाची अमावस्या

त्या उधाणाला रावस चांगला येत होता. सलग दोन पहाटे होडी चमकत किनाऱ्याला लागली होती. तिसऱ्या दिवशी आम्ही आणखी आत गेलो. अण्णांना ते फार आवडलं नव्हतं, त्या बाजूला मोठ्या यांत्रिक बोटी फिरतात.

पहाट झाली ती धुक्याची. होडीच्या पुढच्या टोकावरून मागचा अण्णांचा चेहरा धूसर दिसत होता. आम्ही ओढायला लागलो. मी पुढे खुंटापाशी, वरची दोरी ओढून घेत होतो. जवाईबुवा माझ्या शेजारी, रावस सोडवून मागे टाकत होते. पुतणे खालची वजनं घेत होते. थंडीनं बोटं आखडलेली, दोरी ओली, मुठीतून सारखी सटकायची. जवाईबुवांनी जॅकेट काढून बाजूला टाकलं होतं. "घाला ते," मी म्हटलं. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी पुन्हा म्हटलं. रागानं माझं डोकं तापलं होतं, नजर त्यांच्या जॅकेट नसलेल्या पाठीवर होती, आणि हात आपोआप ते करत होते जे मी तीस वर्षं केलं आहे.

आमच्याकडे बैल हाकताना कासरा हाताला दोन वेढे गुंडाळतात. बैल बिथरला तर मुठीतला कासरा सुटतो, गुंडाळलेला सुटत नाही. मला ते माझ्या बापानं शिकवलं आणि मी माझ्या मुलाला. कासरा सोडणाऱ्या माणसाला आमच्या गावात शेतकरी धरतच नाहीत. ती ओली दोरी सटकायला लागली आणि माझ्या उजव्या हातानं मला न विचारता दोन वेढे घेतले.

धुक्यात इंजिनाचा आवाज आला. आमचा नव्हता, मोठा होता. अण्णा ओरडले. ती बोट दिसलीही नाही, फक्त तिच्या लाटेनं होडी उचलली गेली, आणि आमच्या जाळ्याचं पलीकडचं टोक तिनं सोबत घेतलं. दोरी ताठ झाली. मनगटापासून खांद्यापर्यंत माझा हात कोणीतरी उपटतो आहे असं वाटलं, आणि मी गुडघ्यांवर घसरत काठाला आदळलो. छाती काठावर, हात बाहेर, तोंडासमोर पाणी. "सोडा," मागून सगळे ओरडत होते. सोडायला माझ्या हातात काही नव्हतंच. हातच दोरीत होता.

जवाईबुवांनी काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं, कारण माझी मान त्याच बाजूला वळली होती. त्यांनी माझ्या हाताच्या पुढे ती ताठ दोरी दोन्ही हातांनी पकडली, सगळं अंग मागे टाकून वीतभर आत आणली आणि खुंटाला वेढा मारला. खलाशी असाच वेढा मारतो. एक वर्ष आधी येऊन ते हे शिकले होते. ओढ खुंटावर गेली. माझी दोरी ढिली पडली. मी वेढे सोडवले. पण पुढची लाट आली तेव्हा त्यांचा उजवा हात दोरी आणि खुंट यांच्यामध्ये होता.

ते ओरडले नाहीत. फक्त "अण्णा" म्हणाले, अगदी हळू. अण्णांनी कोयत्यानं दोरी तोडली, आणि अर्धं जाळं धुक्यात निघून गेलं.

किनाऱ्याला यायला दोन तास लागले. एका पुतण्यानं टॉवेलनं त्यांचा हात बांधला. मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. अण्णांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं. त्यावर दोरीच्या दोन लाल रेघा होत्या, शेजारी शेजारी. त्यांना सगळं समजलं. जाळ्याबद्दल ते तेव्हाही एक शब्द बोलले नाहीत आणि नंतरही नाही.

दवाखाना

डॉक्टरांनी उजव्या हाताची दोन बोटं काढली. तिसरं राहिलं, पण ते आता वाकणार नाही म्हणाले. माझ्या हाताला मलम लावलं आणि चार दिवसांत मी बरा झालो. ही गोष्ट मी साध्या शब्दांत लिहितो आहे, कारण दुसऱ्या कोणत्याही शब्दांत मला ती लिहिता येत नाही.

संध्याकाळी शोभाचा फोन आला. जवाईबुवांनी डाव्या हातानं तो घेतला आणि म्हणाले की होडीत घसरलो, हाताला थोडं लागलं. मग फोन माझ्याकडे आला. "खरं सांग दादा," ती म्हणाली. मी म्हटलं, "बरे हायेत." नेहमीचेच दोन शब्द.

फोन ठेवल्यावर जवाईबुवा म्हणाले, "घरी असं सांगाचं का दोरी मीच हाताले गुंडायली. अण्णानं सांगतलं होतं तरी गुंडायली."

"काहून?"

"तिचा माह्यावर तसाबी भरोसा नाई. तुमच्यावर हाय, तो राहू द्या."

मी हो म्हटलं. मला लाज वाटली, आणि त्याच वेळी सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

दहा दिवसांनी आम्ही निघालो. अण्णा एस.टी. स्टँडवर आले होते. त्यांनी जवाईबुवांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला आणि बस सुटेपर्यंत काढला नाही. मला त्यांनी हात जोडून नमस्कार केला. मला वाईट बोलले असते तर सोपं गेलं असतं.

शिरपूर

घरी पोचलो तेव्हा दुपार होती. ओसरीवर शेजारपाजार जमा झालेला. शोभानं जवाईबुवांचा बांधलेला हात दोन्ही हातांत घेतला, उलटसुलट पाहिला, बोटं मोजल्यासारखी नजर फिरवली, आणि तशीच आत गेली. रडली नाही.

बाहेर जवाईबुवांनी गोष्ट सुरू केली. गोष्ट सांगण्यात ते पटाईत. "अण्णा नको म्हणत होते, दादा ओरडून राह्यले होते, अन् मी शहाणा दोरी गुंडायून उभा," ते म्हणाले. लोक त्यांना बोल लावू लागले. एका म्हातारबुवांनी सरळ गाढव म्हटलं. जवाईबुवा हसत मान डोलावत होते. मी खांबाला टेकून खाली पाहत होतो.

लोक गेल्यावर शोभानं आम्हा दोघांना पाट मांडले. ताटात भाकरी, वरण, वांग्याची भाजी. ती जवाईबुवांच्या शेजारी बसली, त्यांना एक घास भरवला, आणि माझ्या ताटात तुपाची वाटी रिकामी करत म्हणाली, "दादा, तू होता म्हणून एवढ्यावर भागलं. नाई तं मी कोनाच्या तोंडाकडं पाह्यलं असतं?"

माझा घास तोंडातच राहिला. जवाईबुवांनी पायानं माझा पाय दाबला.

"दोरी मी गुंडायली होती शोभा," मी म्हटलं. "कासऱ्यासारखी. मी वढला गेलो होतो. मले सोडवाले जवाईबुवानं हात घातला."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग नवऱ्याकडे. त्यांनी मान खाली घातली, आणि त्यावरून तिला कळलं की हेच खरं आहे. बाहेर गोठ्यात गाय साखळी ओढत होती.

शोभा उठली. हात धुतले. पदर कमरेला खोचला, आढ्याला अडकवलेला विळा काढला. मग जवाईबुवांचं ताट उचललं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"तूर तडकून राह्यली शेतात," ती म्हणाली. "तूर निघेपर्यंत इथंच राह्य. दोनी वख्त त्याईले तू जेव घाल."

आवाजात राग नव्हता. शेतावर जाताना घरच्या माणसाला काम सांगावं तसं तिनं सांगितलं, आणि चप्पल घालून निघून गेली. माझे डोळे भरून आले. पुसायला डावा हात होता, उजवा खरकटा.

जवाईबुवा माझ्याकडे सरकले. मी भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला, मऊ होईपर्यंत थांबलो, आणि त्यांच्या तोंडाशी नेला. बावन्न वर्षांत मी असं कोणाला भरवलं नव्हतं, स्वतःच्या मुलांनाही नाही. त्यांनी तोंड उघडलं.

"लहान करा घास," ते म्हणाले.

मी पुढचा लहान केला.